दामिनीच्या नावाची कागूर

कोचईची, म्हणजे अळूची, पानं अर्धी सोलून झाली होती. सोललेली परातीत एकावर एक, न सोललेली सुपात. देठांच्या चिकानं प्रेमिलाच्या बोटांना खाज सुटली होती. चिंचेचं पाणी लावलं असतं तर राहिली असती, पण ती उठली नाही. पान मांडीवर तसंच ठेवून ती अंगणातल्या तुळशीकडे बघत बसली.

उद्या पितरांची पंचमी. बिनलग्नाचं जे कोणी गेलं असेल, त्याची ही तिथ; काही घरांत थोरांच्या नावाचा घासही याच दिवशी टाकतात. बिरसीतल्या अशा घरांमधून उद्या उडदाचे बरे, म्हणजे वडे, तळले जाणार, पुऱ्या होणार, कोचईच्या वड्या होणार. पहिला घास तुपासकट निखाऱ्यावर आणि दुसरा छपरावर, कावळ्यासाठी. याला इकडे कागूर टाकणं म्हणतात. कागूर पोचली की गेलेला जीव वर्षभर उपाशी राहत नाही. प्रेमिलाचा यावर विश्वास होता असं म्हणणंसुद्धा कमीच. चुलीतला विस्तव गरम असतो यावर कोणी विश्वास ठेवतं का? तो असतोच. तिची अडचण वेगळी होती. कागूर मेलेल्या माणसाच्या नावानं टाकतात. आणि तिची दामिनी, तिच्या हिशेबानं, पुरती मेली नव्हती.

"काऊन वो, सकाळपासून त्याच पानाइले घेऊन बसली?" कुडापलीकडून मोठी जाऊ दुर्गेश्वरी डोकावली. तिचे हात पिठानं माखलेले होते. "भज्याची कोचई करून राहिली का पितराची, ते तरी सांग."

"करून राहिली बाई. सासूसासऱ्याच्या नावानं तं होतेच."

"आनि पोरीच्या?"

प्रेमिलानं परत तुळशीकडे पाहिलं.

"हे पाय प्रेमिला," दुर्गेश्वरीनं आवाज उतरवला, तिच्यापुरता. चार घरांना तरी ऐकू गेलाच असेल. "जिवंत आहे तं ताट वाढ तिले. मेली आहे तं कागूर टाक. पोरीले अशी ना घरची ना घाटची काऊन ठेवून राहिली? उद्या वरतं सारे जेवतीन आनि आपली दामिनी दारात उभी राहीन. बरं दिसते का?"

"तिले नागपुरात खायले भेटते," प्रेमिला म्हणाली.

दुर्गेश्वरीनं पिठाचा हात कपाळाला लावला. गावात हे वाक्य आता सगळ्यांना माहीत झालं होतं. बकारामच्या बायकोच्या डोक्यावर परिणाम झाला, असं लोक म्हणत. परिणाम झाला नव्हता. तिनं ऐकलं ते खरंच होतं. फक्त त्याचा अर्थ तिनं आपल्या चुलीजवळ बसून लावला होता.

दामिनी गोरेगावला अकरावीत होती. सायकलनं जायची, यायची. जिभेनं मात्र अशी, की मोठी चुलती परवडली. बिरसीच्या विमानतळावरची शिकाऊ विमानं घरावरून घिरट्या घालत, तेव्हा ती अंगणात उभी राहून त्यांना नावं ठेवी. "माय, आज कोनी तरी नवीन आहे पाय. बदक बोडीत उतरते तसा उतरून राहिला!" दिवाळीच्या सुमारास तिच्या नडग्यांवर निळे डाग दिसले. सायकलवरून पडली असेल असं वाटलं. मग ताप आला आणि गेलाच नाही. गोंदियाच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि चिठ्ठी देऊन नागपूरला पाठवलं. रक्ताचा कॅन्सर. प्रेमिलानं त्याच दिवशी नागऱ्याच्या महादेवाला नवस बोलला आणि बकारामनं धानाच्या बांध्या भावाच्या स्वाधीन केल्या.

साक्षी त्यांना तिथेच भेटली. ती डॉक्टर नव्हती. हाडातल्या मज्जेत रक्त कसं तयार होतं, निरोगी माणसाच्या मज्जेतल्या पेशी कशा एकाच्या दोन होतात आणि या आजारातल्या कशा होतात, याचा ती अभ्यास करत होती. मुलगी गोरेगावची, ताराचंदजींची धाकटी. आपल्या बाजूचं कोणी आहे म्हटल्यावर प्रेमिलाला तिच्याशी बोलायला जड गेलं नाही.

"दामिनीची मज्जा तपासायला काढणारच आहेत काकू. त्यातली थोडी आमच्या अभ्यासाला देता का? तुमची इच्छा असेल तरच. आणि तुलनेसाठी निरोगी माणसांचीही लागते, तीही आम्ही मागून मागून जमवतो."

दामिनी पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपली होती. कमरेच्या हाडात सुई घालतात हे तिनं शेजारच्या बाईकडून ऐकलं होतं, तेव्हापासून तिनं पाणीही घेतलं नव्हतं.

"दुखते का?" प्रेमिलानं विचारलं.

"दुखतं काकू. खोटं कशाला सांगू. सुन्न करतात, तरी ओढताना दुखतं."

"मंग माझीई काढा. आधी माझी काढा. तिले पाहू द्या."

तसंच झालं. तपासण्या करून, कागदावर सही घेऊन, दामिनीच्या आधी प्रेमिलाच्या हाडात सुई गेली. ओढताना ती अशी ओरडली, "नागऱ्याच्या महादेवाऽऽ!" की वॉर्डातली नर्ससुद्धा हसली. बाजूच्या खोलीतून दामिनीनं ऐकलं. तिच्या वेळी ती ओठ चावून पडून राहिली, हूं की चूं नाही. नंतर दोघी एकमेकींकडे पाठ करून, उशा लावून पडल्या होत्या, तेव्हा पोरगी म्हणाली, "माय, धीर द्याले आली होती का भेव द्याले? महादेव नागऱ्याहून पैदल निघाला असन."

आणि साक्षीला म्हणाली, "ताई, दोघींचे डबे बाजूबाजूलेच ठेवजा. माय मले सोडून झोपत नाही."

होळी झाली आणि दामिनी गेली. तिला गावी आणलं, आणि बिनलग्नाच्या पोरीचं जेवढं करतात तेवढं केलं. बकाराम आधीही कमीच बोलायचा, आता बोलेनासा झाला. प्रेमिला सकाळी उठे, तुळशीला पाणी घाले, दिवा लावी आणि देवापुढे हात जोडून उभी राही. पण मागायला काही सुचत नसे. हात जोडलेले आणि तोंड रिकामं. असं तिचं कधी झालं नव्हतं.

मग साक्षीचा फोन आला. चौकशी करायला केला होता बिचारीनं. बोलता बोलता प्रेमिला इतकी रडू लागली, की काहीतरी बरं सांगावं म्हणून साक्षी बोलून गेली, "काकू, दामिनीच्या पेशी आमच्याकडे अजून जिवंत आहेत."

रडणं थांबलं. 

"जिवंत?"

"हो काकू. वाढत आहेत."

त्यानंतर प्रेमिला दर सोमवारी, महादेवाचा उपास सोडायच्या आधी, साक्षीला फोन लावी. "कशी आहे?" असं विचारी. साक्षी म्हणे, "बऱ्या आहेत काकू. कालच त्यांना नवीन खाद्य घातलं." पेशी ज्या द्रवात ठेवतात, त्यात त्यांचं पोषण असतं, ते बदलावं लागतं, ते काम करणारे सगळेच त्याला खायला घालणं म्हणतात. साक्षीच्या तोंडी तो शब्द सवयीनं आला. प्रेमिलानं तो पदरात बांधला. पोरीला नागपुरात वेळच्या वेळी खायला मिळतं. मग इथं कावळ्याला कशाला बोलवायचं? जित्या लेकराच्या नावानं कागूर टाकायची म्हणजे आपल्या हातानं तिला मारायचं.

पण श्रावण सरला, भादवा लागला, पितर बसले, आणि दुर्गेश्वरीचं ते दारात उभं राहणं प्रेमिलाच्या मनातून जाईना. साक्षी चुकत असेल तर? तिथलं खाणं पोरीला लागतच नसेल तर? परवा तिनं सोमवार नसताना फोन लावला. "साक्षी, पंचमी आली वो. खरं खरं सांग. टाकू का नको टाकू?"

साक्षीनं पंचमीची तारीख विचारून घेतली. म्हणाली, "काकू, मी येते."

कोचईचं पान मांडीवर तसंच होतं, तेव्हा मोटरसायकल दारात थांबली. ताराचंदजींनी मुलीला उतरवलं, "मी पानठेल्यावर बसतो, तुमचं होऊ द्या," म्हणून गाडी वळवली. साक्षी आत आली. उन्हानं तोंड लाल झालेलं, खांद्याला पिशवी. प्रेमिलानं पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. आपल्या हातानं पान बाजूला सारून तिच्यासाठी पाट मांडला.

"तुमच्याकडे पितर नाही करत ना?"

"नाही काकू. आम्ही बुद्धवंदना घेतो. पण माझी आजी गेली तेव्हा बाबा कितीतरी दिवस तिच्या बाजेवर बसले नाहीत. कोणी बसलं तर उठवत."

प्रेमिलानं मान हलवली. हे तिला समजलं.

"दाखवून राहिली का मले तिले?"

साक्षीनं मोबाइल काढला. "एकामागून एक फोटो काढून ते जोडले आहेत. खूप वेळाचं थोड्यात दिसतं. डावीकडे तुमच्या पेशी, उजवीकडे दामिनीच्या. सुरुवातीचं आहे हे, दोघींच्या शेजारी शेजारी होत्या तेव्हाचं."

राखाडी उजेडात बारीक बारीक गोल दाणे होते. साबुदाणा भिजत घातल्यासारखे. डावीकडचा एक दाणा फुगला, मध्ये आवळला आणि त्याचे दोन झाले. मग दुसरा. मग भराभर. उजवीकडे दाणे नुसते थरथरत होते. खूप वेळानं त्यातल्या एकाचे दोन झाले.

प्रेमिलानं पदरानं डोळे पुसले आणि डावीकडे बोट ठेवलं. "ह्या पाय कशा पटापट होऊन राहिल्या. ह्या बीमार असतीन."

"नाही काकू. ह्या तुमच्या. ह्या चांगल्या."

"चांगल्या? इतक्या घाईनं?"

"सगळ्यांना वाटतं कॅन्सरच्या पेशी फार झपाट्यानं वाढतात. मलाही वाटायचं. आम्ही वेळ लावून मोजलं तर इथं उलट निघालं. तुमच्या पेशी भराभर दोनाच्या चार होतात. पण मग थांबतात. एकेक मोठी होते, तिचं रूप बदलतं, ती कामाला लागते. आणि तिचं काम झालं की ती मरते. रोज मरतात, आपल्या सगळ्यांच्या." साक्षीनं बोट उजवीकडे नेलं. "उजवीकडच्या हळू आहेत. पण त्या थांबत नाहीत. दोनाच्या चार, चाराच्या आठ, आणि त्यातली मोठी कोणीच होत नाही. म्हणून मरतही नाहीत. नुसती गर्दी करतात. चांगल्यांना जागाच उरत नाही."

दारात सावली पडली. बकाराम शेतावरून आला होता, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले. आत आला नाही. चौकटीला हात लावून ऐकत राहिला.

"आता तिथं कोन कोन आहे?" प्रेमिलानं विचारलं.

"ह्याच आहेत. उजवीकडच्या."

"ज्याइले तू खाऊ घालते, त्या ह्याच?"

साक्षीनं मान खाली घातली. "हो काकू."

"म्हंजे जिनं माझी पोरगी खाल्ली," प्रेमिला सावकाश म्हणाली, जणू एकेक शब्द निवडून सुपात टाकत होती, "तिले खायले भेटून राहिलं. आनि मी दर सोमवारी फोन करून विचारत होती, जेवली का म्हनून."

"मी तेव्हाच नीट सांगायला हवं होतं. तुम्हाला बरं वाटेल म्हणून..."

"बरं वाटलं ना. खूप बरं वाटलं." तिनं साक्षीच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग तिला एकदम काहीतरी आठवलं. "आनि माझ्या? माझ्या कुठं गेल्या?"

"संपल्या काकू. निरोगी पेशी तिथं फार टिकत नाहीत. मोठ्या झाल्या, आणि संपल्या. पौषातच."

"पौषात? तवा तं दामिनी होती."

"होती."

प्रेमिला बघत राहिली. देवापुढे जोडलेल्या हातांना महिनोन्महिने जे मागता आलं नव्हतं, ते हेच होतं, हे तिला आत्ता कळलं. मला आधी ने. पोरीला राहू दे. कोणतीही माय हेच मागते. आणि तिकडे नागपुरात, एका काचेच्या बशीत, ते होऊनही गेलं होतं, आणि त्याचा काही उपयोग झाला नव्हता.

"म्हंजे तिथं मी आधी गेली," ती म्हणाली.

"दामिनीला मी सांगितलं होतं," साक्षी म्हणाली. "तिनं विचारलं होतं डबे बाजूबाजूला आहेत का. मी म्हटलं, तुझ्या मायचा संपला. तर म्हणाली, तिले नका सांगू ताई. माय स्वतःचंच सुतक पाळन."

आधी प्रेमिलाला हसू आलं. खरंखुरं हसू, पोटातून आलेलं. तिचे खांदे हलू लागले. दामिनीचा आवाजच आला होता घरात, तसाच, खोडकर. आणि मग ते हसू कुठं संपलं आणि दुसरं कुठं सुरू झालं हे कोणालाच कळलं नाही. ती कोचईच्या पानांवर वाकली आणि आवाज काढून रडली, साक्षीच्या त्या पहिल्या फोननंतर आजच. कुडापलीकडे दुर्गेश्वरीच्या कढईचा आवाज थांबला. बकाराम चिखलाच्या पायांनी आत आला, सारवलेल्या जमिनीवर पावलं उमटवत, आणि बायकोच्या बाजूला खाली बसला. हात कुठं ठेवावा हे त्याला कळेना. शेवटी त्यानं तो न सोललेल्या पानांवर ठेवला.

"निसवलंच नाही म्हना मंग ते," तो साक्षीला म्हणाला. धानाला लोंबी येते त्याला निसवणं म्हणतात. "आमच्या बांधीत एखांदा ठोंब असाच राहते. सारं पिवळं होते, तो हिरवागार. पाहनाऱ्याले वाटते काय धान आहे! दाना नसते त्यात."

"तसंच काका."

प्रेमिलानं तोंड पुसलं. बोटांचा चीक गालाला लागून तिथंही खाज सुटली.

"माझी दामिनी तशी नव्हती," ती म्हणाली. "माझी पोरगी मोठी होऊन राहिली होती. दसऱ्याले तिच्या शाळेच्या ड्रेसची पट्टी मीच उसवली होती. आखूड झाला म्हने, माय, पोट्टे हासतेत." ती थोडं थांबली. बाहेर एक विमान घरावरून गेलं, आणि तिघांनीही, सवयीनं, वर पाहिलं. "जे मोठं होतच नाही, ते माझी दामिनी कसं असन?"

साक्षीनं मोबाइल बंद करून पिशवीत ठेवला. 

मग ती म्हणाली, "काकू, सही तुमची आहे. तुम्ही नाही म्हटलं तर मी परत गेल्या गेल्या ते बंद करते. नष्ट करता येतं. तुम्हाला वाटलं तर..."

"त्यानं काही कळन का? हे कसं थांबवावं ते?"

"सांगता येत नाही काकू. आज तर नाही. त्या मोठ्या का होत नाहीत, एवढं जरी कळलं तरी पुढचं कोणी करेल."

प्रेमिलानं नवऱ्याकडे पाहिलं. बकारामनं पान उलटंसुलटं केलं आणि मान हलवली. हो की नाही ते त्या मानेवरून कोणाला सांगता आलं नसतं, पण तिला आलं.

"त्या डब्यावर तिचं नाव आहे का?"

"नाही काकू. नाव लिहीत नाहीत. नंबर असतो."

"मंग राहू दे. काम कर तुझं." तिनं सुपातलं पान उचललं, देठाकडून सुरी लावली आणि शीर ओढून काढली. "नंबरले कागूर नाही लागत. पन आता मी सोमवारी फोन करनार नाही, साक्षी. तू कर. अशीच, तुझी तू कशी आहे ते सांगाले."

साक्षीनं वाकून तिच्या पायांना हात लावला. तिच्या घरी ही पद्धत नव्हती, आणि प्रेमिलानंही तिला मध्येच धरून उठवलं. अर्धी वाकलेली मुलगी तशीच तिच्या खांद्याला लागून राहिली. मग बाहेर मोटरसायकल वाजली, आणि ती गेली.

दुर्गेश्वरी आता कुडाजवळ नव्हती. सरळ आत येऊन, न विचारता, सुपासमोर बसली होती आणि पानं सोलू लागली होती. तिचे डोळे लाल होते, पण तोंड तेच. "चिंच लाव वो हाताले. उद्या खाजवत खाजवत कागूर टाकशीन का?"

"लावतो."

"किती दाळ भिजवली?"

"म्हाताऱ्याइच्या पुरती."

"आनि?"

प्रेमिला उठली. कोनाड्यातली चिंच घेतली, हात चोळून धुतले, पदर नीट केला. देवापुढे क्षणभर उभी राहिली. हात जोडले. आजही काही मागितलं नाही. पण आज तिला ठाऊक होतं की मागायचं काही उरलं नाही म्हणून. दामिनीला उडदाचे बरे आवडत. कढईतून काढल्या काढल्या, जीभ पोळली तरी, दोन्ही हातात एकेक.

"कमी पडन," ती म्हणाली, आणि खुंटीवरची कापडी पिशवी काढली.

मुन्नालालच्या दुकानातून उडदाची दाळ आणायची होती.